समोरच्या दाताची टोपी

माझ्या वरच्या दातांपैकी समोरचा एक दात खोटा आहे, हे लातूरला आल्यावर घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. मीही ते विसरले होते, म्हणजे जितकं विसरता येतं तितकं. जेवताना मात्र आठवायचं. भाकरी मी समोरून तोडत नसे. बोटांनी बारीक तुकडे करून बाजूच्या दाढेखाली ढकलत असे. आमची एक शेजारीण ते पाहून आईला म्हणाली होती, "इंग्रजी शाळेची पोरगी तुमची, लई नखऱ्यानं जेवती बाई." आई हसली. खरं कारण सांगण्यापेक्षा नखरा बरा, असं आम्हा दोघींनाही वाटलं.

खरा दात गेला तो हापशावर. सातवीच्या उन्हाळ्यात आम्ही चाकूरजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. पाणी खोल गेलं की हापशाचा दांडा जड होतो आणि हातातून सुटला तर उसळून वर येतो, हे गावातल्या मुलींना माहीत होतं. मला नव्हतं. ओले हात घसरले आणि दांडा तोंडावर आला. अर्धा दात तिथेच चिखलात पडला. उरलेला अर्धा पुढच्या काही वर्षांत राखाडी झाला, मग काळपट. नांदेडच्या शाळेत मी तोंडावर हात ठेवून हसायला शिकले. पुढे हसणंच कमी केलं, आणि त्याच्या मागोमाग बोलणंही.

कॉलेजात असताना आई मला नांदेडच्याच एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते हैदराबादेत शिकलेले होते आणि त्यांची मराठी निम्मी तिकडची होती. त्यांनी काळा दात कानशीने झिजवल्यासारखा झिजवला, गुलाबी मऊ लगद्यात त्याचा ठसा घेतला आणि तो रेल्वेने हैदराबादला पाठवला. तिथून दातावर बसवायची टोपी तयार होऊन यायची होती. रंग ठरवताना त्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि नमुन्याच्या दातांची एक माळ माझ्या ओठांशी धरली. आमच्याकडच्या पाण्याने आमच्या सगळ्यांचेच दात जरा पिवळट. डॉक्टरांनी तसाच पिवळट नमुना निवडला. आईने त्यातला सगळ्यात पांढरा दाखवला. "पैसे देऊन पिवळा कशाला बसवायचा?" डॉक्टर म्हणाले, "अम्मा, बाजूच्या दातांना जुळला पाहिजे." आई ऐकेना.

टोपी बसली तेव्हा आरशात आधी तीच दिसायची. वर्षभरात चहाने तिचा पांढरेपणा गेला, पण माझ्या दातांचा पिवळेपणा तिला आला नाही. तिचा तिसराच एक मळकट रंग झाला. हिरडीशी एक करडी रेघ उमटली. "समोरून चावायचं नक्को, बेटा," डॉक्टरांनी बजावलं होतं. "पेरू नक्को, ऊस नक्को, कडक भाकरी नक्को. आणि हलली तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं." मी मान हलवली होती.

लातूर जिल्हा नवा झाला आणि बाबांची बदली तिकडे झाली. बाबा कलेक्टर कचेरीत कारकून होते. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती, पाट्या नव्या होत्या, खुर्च्या कुठूनकुठून आणलेल्या होत्या. बाबा रोज संध्याकाळी काहीतरी नवं सांगत: अमुक खातं आलं, तमुक साहेब आले. साहेब आले म्हणजे त्यांची मुलंही आली. त्यांच्यासाठी एका बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात इंग्रजी शाळा निघाली. पावसाळ्यात भिंतींना तुरीचा वास येतो म्हणत. मी होते त्या काळात पाऊसच झाला नाही, त्यामुळे मला तो वास कधी आला नाही.

शाळेच्या मोठ्या बाई पुण्याकडच्या होत्या. मी नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी मला एक इंग्रजी उतारा मोठ्याने वाचायला लावला आणि वाचून झाल्यावर म्हणाल्या, "उच्चार चांगले आहेत तुमचे. पहिलीचा वर्ग घ्या. पाया तिथेच पडतो." तोवर माझ्या बोलण्याबद्दल कुणी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. मी घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाणारी. दुकानात बोट दाखवून वस्तू मागणारी. पण त्या गोदामात, त्या लहान मुलांसमोर, मी दिवसभर मोठ्या आवाजात बोलत असे आणि मला त्याचं काहीच वाटत नसे. ती मुलं माझ्या तोंडाकडे बघत, पण फक्त शब्द कसा निघतो ते बघायला. सगळ्या लातुरात मी बोलू शकत होते अशी ती एकच जागा होती.

वर्गात साहेबांची मुलं होती, अडत दुकानदारांची होती, आणि एक मुलगी बाबांच्या कचेरीतल्या शिपायाची होती. त्यांना कचेरीत सगळे मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणत असे. मामा आमच्याच समाजाचे. आपल्या वस्तीतून इंग्रजी शाळेत गेलेली पहिली मुलगी आपली, याचा त्यांना मोठा अभिमान. रोज सकाळी तिला सायकलच्या दांडीवर बसवून आणत आणि मी दिसले की उतरून उभे राहत. "म्याडम, मारा तिला. पर शिकवा."

"मारायची गरज नाही हो मामा. हुशार आहे ती."

"हाव, हुशार हाय. मलाच शिकवून राहिली घरी!"

दिवाळीनंतर टोपी हलायला लागली. चूळ भरताना जिभेला कळलं. लातुरातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तोंडात डोकावून पाहिलं आणि हात झटकले. "ज्यांनी बसवली त्यांच्याकडेच जा. आणि माझ्याकडे पाणीही नाही. मशीन कशावर चालवू?" खोटं नव्हतं ते. त्यांच्या दारात रिकामं पिंप आडवं पडलं होतं.

नांदेडला जायचं म्हणजे एसटीने अख्खा दिवस जाणार, आणि रजा मागायची तर कारण सांगावं लागणार. मी कारण सांगितलं नाही आणि गेलेही नाही. त्याऐवजी एक युक्ती सापडली. जिभेचं टोक आतून टोपीला टेकवून ठेवलं की ती जागेवर राहायची. हवा जोराने बाहेर पडते ते शब्द सगळ्यात धोक्याचे, विशेषतः ज्यात 'स' आहे ते. म्हणून 'स' म्हणताना मी जीभ पुढे रेटून धरायला लागले. काही दिवसांनी ते मुद्दाम करावं लागेना. घरी मी इतकं थोडं बोलायची की आईबाबांच्या ते ध्यानात आलं नाही. वर्गात मला माझा आवाज पूर्वीसारखाच वाटत होता.

हिरडी मात्र दुखू लागली होती. गरम पाण्यात मीठ घालून दिवसातून अनेकदा गुळण्या करायच्या, हा त्यावरचा उपाय मला माहीत होता. पण तेव्हा टँकर आला तर पाणी, नाही तर नाही. शाळेतल्या पिंपाला कुलूप होतं आणि मुलं घरून बाटल्या आणत. आई मला सकाळी एक फुलपात्रभर पाणी द्यायची. गुळणी केल्यावर ते मोरीत न टाकता बादलीत टाकायचं, त्याने पायऱ्या पुसायच्या. हिरडीतून रक्त आलं की मी बादलीकडे पाठ करून थुंकत असे.

फेब्रुवारीच्या सुमारास एकदा जेवताना बाबा आपल्याशीच हसायला लागले. आईने विचारलं, काय झालं.

"अगं, आज कचेरीत मामांनी गंमत केली. मोठ्या साहेबांनी हाक मारली तर मामा ताठ उभे राहून म्हणाले, 'येथ थर!' साहेबांना कळंना. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. 'येथ थर!' सगळी कचेरी हसली. मामा म्हणतात कसे, 'हसा तुम्ही. माझी पोरगी शाळेत शिकलीय. खऱ्या इंग्रजीत जीभ अशी भायेर काढावी लागती.'"

आई हसली. मी हसले नाही. तोंडातला घास बाजूला ठेवून मी हळूच, ओठ मिटून, 'येस सर' म्हणून पाहिलं. जीभ आपोआप पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पहिल्यांदा नीट ऐकलं. मी म्हणायचं आणि मुलांनी माझ्यामागून म्हणायचं, अशीच आमची शिकवण्याची पद्धत होती. मी 'सन' म्हटलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, 'थन'. मी 'सिक्स' म्हटलं. वर्ग म्हणाला, 'थिक्थ'. पहिलीच्या मुलांचे पुढचे दात पडलेलेच असतात, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला ते तसंच वाटलं असणार. मी एकेकाला उभं करून तोंडात पाहिलं. ज्यांचे दात जागेवर होते तेही तसंच म्हणत होते. आणि त्यातलाच एक मुलगा मधल्या सुट्टीत ओरडत गेला, "ए, माझी सायकल सोड!" मराठीतला त्याचा 'स' लख्ख होता.

मुलांनी काहीच चूक केली नव्हती. मी जसं म्हटलं तसंच त्यांनी उचललं होतं, जिभेच्या टोकासकट. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरी इंग्रजीचा एक शब्द कुणाला येत नव्हता. ते ताडून बघणार कशाशी?

मी दुरुस्त करायचा प्रयत्न केला. जीभ मागे घेऊन 'सन' म्हटलं. टोपी सुटून खालच्या ओठावर आली. मी पाठ फिरवून, फळा पुसत पुसत ती परत बसवली. मुलांना वाटलं, मला शिंक आली. ती माझ्याकडे बघत थांबली होती. मी पुन्हा म्हटलं, आणि जीभ पुढे ठेवूनच म्हटलं. परीक्षा झाल्या की नांदेडला जायचं आणि जूनमध्ये सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, असं मी ठरवलं. वर्ग आपलाच राहणार हे मी गृहीत धरलं होतं.

जयंती आली. मामांच्या वस्तीत विहारासमोर मंडप घातला होता आणि दोरीला निळे झेंडे होते. मामांनी मुलीचं इंग्रजी भाषण ठेवलं होतं. भाषण म्हणजे स्वतःबद्दलची चार वाक्यं, मीच बसवून घेतलेली. प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांनी आमच्या मोठ्या बाईंना बोलावलं होतं. मी आईबाबांबरोबर खाली सतरंजीवर बसले होते. मुलगी नव्या फ्रॉकमध्ये माइकपुढे आली आणि न चुकता सुरू झाली, "आय थ्टडी इन फर्थ्ट थ्टँडर्ड..."

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "टँकर आला!" निम्मा मंडप उठला. बायका घागरी घ्यायला पळाल्या. लाउडस्पीकरवर मुलीचा आवाज तसाच चालू राहिला. मोठ्या बाई कौतुकाने हसत होत्या. दात पडलेलं लेकरू बोबडं बोलणारच, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटलं, निभावलं.

बायका घागरी लावून परत आल्या तशी अध्यक्षांनी माइक घेतला. "पुन्हा म्हन गं बाळ. तुझी आई पाण्याला गेलती."

तिने पुन्हा म्हटलं. या खेपेला मोठ्या बाई हसत नव्हत्या, ऐकत होत्या. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विचारलं, "मोठी झाल्यावर कोन होनार?"

"साहेब!" मुलगी ठणठणीत म्हणाली. "सायकलवर न्हाई, जीपमधी फिरनार!"

मंडप खो खो हसला. मामा डोळे पुसत होते. मोठ्या बाईंनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. नवे दात दोन्ही आलेले होते. मग त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. दार स्वतः लावून घेतलं. "तुमच्या तोंडात काय आहे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तराऐवजी टोपी हातात काढून दाखवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आधी सांगायचं नाही का? सुट्टी दिली असती मी."

"हो."

"दात नीट करून या. मग वर्गाचं बघू."

नांदेडच्या डॉक्टरांनी आरसा तोंडात घालून पुष्कळ वेळ पाहिलं. "किती दिवस अशी जिभेनं धरून ठेवली?" मी दिवाळीचं सांगितलं. त्यांनी आरसा खाली ठेवला. "बेटा, टोपी ढिली झाली की खाली घाण साचती. आतलं दाताचं ठुंठ सडलं. वरून तू रोज रेटून राहिली, मूळ उभं चिरलं. आता टोपी बसवायची कशावर?" टोपी हलली तर त्याच दिवशी यायचं, हे बजावलेलं त्यांना आठवत असणार. पण ते तसं म्हणाले नाहीत. मूळ दोन तुकड्यांत निघालं. आईला त्यांनी सांगितलं की हिरडी भरून येऊ द्या, मग काढता-घालता येईल अशी प्लेट देतो. आई परतीच्या एसटीत अख्खा रस्ता बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. रानं उघडी पडली होती आणि जनावरं रस्त्याच्या कडेने चालली होती. "मीच पांढरा घ्यायला लावला," ती एकदा म्हणाली. दाताच्या रंगाचा आणि मूळ चिरण्याचा काही संबंध नाही, हे मला सांगता आलं असतं. तोंडात कापूस होता.

जूनमध्ये प्लेट आली. गुलाबी, पूर्ण टाळूवर बसणारी, आणि तिला पुढे एक दात. या वेळी रंग डॉक्टरांनी ठरवला होता आणि तो इतका जुळला की आरशात मला माझा दात शोधावा लागे. पण टाळू झाकली गेली की जिभेला जागा उरत नाही, आणि 'स' काही नीट निघेना. सवयीने सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मोठ्या बाईंनी मला पूर्वीचाच उतारा वाचायला दिला. मी अर्धा वाचला असेन.

"सध्या ऑफिसमध्ये बसा," त्या म्हणाल्या. "फी घ्यायची, दाखले द्यायचे. तुमचं अक्षर चांगलं आहे."

माझी मुलं दुसरीत गेली. त्यांना आणि नव्या पहिलीला शिकवायला औरंगाबादहून एक बाई आल्या. ऑफिस आणि दुसरीचा वर्ग यांच्यामध्ये फक्त पत्र्याची भिंत होती. नव्या बाई एकेक शब्द घेत. "जीभ आत. दात मिटा. स्स्स." वर्ग म्हणायचा. कुणी चुकलं की बाकीचे हसायचे. पहिल्या आठवड्यात पुष्कळ हसू ऐकू यायचं. नंतर कमी झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मी फीच्या पावत्या फाडत बसायची आणि खिडकीवर येणाऱ्या पालकांशी मानेने बोलायची.

पाऊस त्या वर्षीही लांबला होता. एका दुपारी मामा मुलीचा डबा द्यायला आले आणि तिला घेऊनच माझ्या खिडकीशी उभे राहिले.

"म्याडम, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा ना मामा."

"नवी बाई म्हनत्यात, पहिलीत शिकिवलेलं समदं चुकीचं हाय. पोरगी घरी येऊन रडती. मी म्हनलं, आपली म्याडम नांदेडच्या इंग्रजी शाळेतली, तिचं कसं चुकंल? तुमी एकदा म्हनून दावा तिला. 'स्कूल' म्हना. मंग तिची खात्री पटंल."

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती, पूर्वी वर्गात बघायची तशी, शब्द कसा निघतो ते बघायला.

"नव्या बाईंचं बरोबर आहे," मी मराठीत म्हटलं. "त्या सांगतात तसंच म्हणायचं."

"आन तुमचं?"

"माझं चूक होतं मामा. माझा दात..." मी पुढे सांगू लागले, पण त्यांनी हात वर केला. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्यांनी तो केला होता.

"असू द्या, असू द्या. तुमाला हितं बसवलंय, ते बघितलंय मी. आपल्या मानसाला वर्गात टिकू देत न्हाईत. नोकरी हाय, बोलावं लागतंय तसं." ते मुलीकडे वळले आणि समजूत काढल्यासारखं हळू आवाजात म्हणाले, "ऐकलं का? शाळेत बाईसारखं म्हनायचं. घरी आपल्या म्याडमसारखं."

मुलीने मान हलवली. ती डबा घेऊन वर्गाकडे गेली आणि मामा सायकलकडे. मी खिडकीत उठून उभी राहिले. त्यांना हाक मारून, तसं नाही हो, असं पटवायचं असतं तर मला 'स्कूल' हा एक शब्द एकदा नीट म्हणून दाखवावा लागला असता. मी दोनदा मनात म्हणून पाहिला. मग खाली बसले.